फाइल कुठे अडते, आवाज कुठे हरवतो

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातलं उंद्री हे चिखली–खामगाव रस्त्यावरचं गाव. सोयाबीन, कापूस आणि हरभऱ्याच्या या पट्ट्यात टॅब आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. नागपूरची ‘महाज्योती’ ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी टॅब देते, सोबत रोजचं ६ जीबी इंटरनेटही देते. काही घरांत कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब अजून वापरात असतो. दोन-तीन वर्षांत असा टॅब भरून जातो. तासांचे व्हिडिओ, नोट्सच्या पीडीएफ, पावसात झोपलेल्या पिकाचे फोटो, लग्नातली गाणी, आजीच्या तोंडच्या ओव्या असं सगळं त्यात साठतं आणि एक दिवस ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येते.

मग टॅब संगणकाला जोडायचा असं ठरतं आणि तिथे दोन अडचणी येतात. एक, टॅब जोडला तरी संगणकावर काहीच दिसत नाही. दोन, फाइल कशीबशी आली तरी ती लावल्यावर आवाज येत नाही. दुकान चिखलीला नाहीतर खामगावला. जाण्यायेण्यात दिवस मोडतो, पैसे वेगळे. यातल्या बऱ्याच तक्रारी घरबसल्या सुटणाऱ्या असतात, म्हणून हे प्रकरण.

वरवर वेगळ्या दिसणाऱ्या या दोन्ही तक्रारी शोधण्याची रीत एकच आहे. शेवटच्या झाडाला ठिबकचं पाणी आलं नाही तर आपण आधी मोटार बदलत नाही. विहिरीपासून निघून फिल्टर, मुख्य पाइप, व्हॉल्व्ह, नळी असं एकेक ठिकाण पाहत जातो आणि पाणी कुठपर्यंत आलंय ते ठरवतो. फाइलचा आणि आवाजाचा मार्गही असाच टप्प्याटप्प्यांचा आहे. कुठल्या टप्प्यापर्यंत सगळं ठीक आहे हे कळलं की पुढचं काम सोपं होतं.

पहिला टप्पा : केबल

टॅब जोडला, चार्जिंगची खूण आली, पण संगणकाला टॅब दिसला नाही, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. नेहमीच्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. बाजारातल्या स्वस्त केबलींपैकी काहींमध्ये फक्त विजेच्या दोन तारा घातलेल्या असतात. अशा केबलीनं टॅब चार्ज होतो, पण फाइल जायला तिच्यात वाटच नसते. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. म्हणून टॅबच्या खोक्यातून आलेली केबल वेगळी जपून ठेवावी, किंवा दुकानात मागताना ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगावं. डेस्कटॉप असेल तर केबल शक्यतो मागच्या बाजूला लावावी. पुढच्या खाचा आतून एका पातळ तारेनं मदरबोर्डला जोडलेल्या असतात आणि ती तार सैल झाल्याची उदाहरणं पुष्कळ.

एकाच प्रकारच्या खाचेत माऊस, प्रिंटर, टॅब काहीही जोडता यावं ही सोय १९९६ साली यूएसबीबरोबर आली. तोवर प्रत्येक उपकरणाची पिन वेगळी होती. ही रचना घडवणाऱ्या इंटेलमधल्या गटाचे प्रमुख अजय भट्ट हे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. पहिल्या यूएसबीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. २००० साली आलेल्या यूएसबी २.० मध्ये तो ४८० मेगाबिट झाला, आणि आजही कितीतरी टॅब याच वेगाचे असतात. एवढ्या वेगात एक जीबीचा व्हिडिओ एक-दोन मिनिटांत संगणकावर येतो.

दुसरा टप्पा : टॅबची परवानगी

केबल चांगली असली तरी जोडल्या जोडल्या टॅब फक्त चार्जिंग सुरू करतो. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढलं की ‘यूएसबीद्वारे चार्ज होत आहे’ अशा अर्थाची सूचना दिसते. तिच्यावर टिचकी मारली की पर्याय उघडतात. त्यातला ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचा. टॅबचं कुलूपही उघडलेलं असावं लागतं. पडदा बंद असताना जोडलेला टॅब संगणकावर नावापुरता दिसतो, त्याच्या आत मात्र काहीच दिसत नाही. फाइली गेल्या या भीतीनं अनेकांचा जीव इथे वरखाली होतो. कुलूप उघडून परवानगी दिली की फोल्डर दिसू लागतात.

ही परवानगी का लागते हे समजून घेण्यासारखं आहे. जुने अँड्रॉइड फोन संगणकाला पेनड्राइव्हसारखे जोडले जात. त्या वेळी साठवणीचा पूर्ण ताबा संगणकाकडे जाई आणि तेवढा वेळ फोनला स्वतःच्याच फाइली वापरता येत नसत. दोघांनी एकाच वेळी लिहायला घेतलं तर फाइलींची यादीच बिघडण्याचा धोका होता. २०११ साली खास टॅबसाठी काढलेल्या अँड्रॉइड ३.० पासून एमटीपी ही पद्धत रुळली. तिच्यात संगणक टॅबकडे एकेक फाइल मागतो आणि टॅब ती देतो. साठवण टॅबच्याच ताब्यात राहते.

या पद्धतीचे तीन परिणाम रोजच्या वापरात जाणवतात. टॅबमधला व्हिडिओ संगणकावरून थेट लावला तर तो अडखळतो, म्हणून आधी तो संगणकावर उतरवून घ्यावा. नुकतीच केलेली आवाजाची नोंद यादीत दिसली नाही तर केबल काढून पुन्हा लावावी, त्यानंतरही दिसली नाही तर टॅब बंद करून चालू करावा. शेकडो लहान फाइली एकेक करून यायला फार वेळ लागतो, म्हणून टॅबमध्येच त्यांची एक झिप फाइल करून ती पाठवावी.

आयपॅडचं थोडं वेगळं. जोडल्यावर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असं तो विचारतो. होकार दिल्यावर विंडोजला त्यातले फोटो आणि व्हिडिओ तेवढे दिसतात. बाकी फाइलींसाठी अ‍ॅपलचं स्वतःचं अ‍ॅप संगणकावर घ्यावं लागतं. संस्थेनं दिलेल्या काही टॅबवर तर फाइल बाहेर नेण्याची सोय मुद्दाम बंद केलेली असते. तसं असेल तर केबली बदलत बसू नये, संस्थेच्या माणसाला विचारावं.

तिसरा टप्पा : फाइल नेमकी कुठे आहे

कॅमेऱ्याचे फोटो आणि व्हिडिओ ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात, इंटरनेटवरून उतरवलेल्या पीडीएफ ‘डाउनलोड’मध्ये. नव्या अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचं सामान ‘अँड्रॉइड’ फोल्डरच्या आतल्या ‘मीडिया’मध्ये, चार-पाच पायऱ्या खाली असतं. आवाजाच्या नोंदी बहुधा ‘रेकॉर्डिंग्ज’मध्ये किंवा रेकॉर्डर अ‍ॅपच्या नावाच्या फोल्डरमध्ये मिळतात. टॅबमध्ये मेमरी कार्ड असेल तर संगणकावर दोन साठवणी दिसतात, दोन्ही उघडून पाहाव्यात.

शिकवणीच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले धडे मात्र बहुतेक वेळा त्या अ‍ॅपमध्येच चालतात. ते कुलूपबंद स्वरूपात साठवलेले असतात आणि संगणकावर आणले तरी उघडत नाहीत. हा बिघाड नाही, ती अ‍ॅप बनवणाऱ्याची व्यवस्था आहे.

मराठी मजकुराबद्दल एक खबरदारी. टॅबवर टाइप केलेलं मराठी युनिकोडमध्ये असतं आणि ते कुठल्याही संगणकावर जसंच्या तसं दिसतं. उलट दिशेनं अडचण येऊ शकते. डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला अर्ज टॅबवर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अशी फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. तेवढं जमत नसेल तर तिची पीडीएफ करून मागावी, कारण पीडीएफमध्ये सहसा अक्षरांचे आकारही सोबत येतात.

केबल नसेल तेव्हा

टॅब आणि संगणक जवळ ठेवून ‘क्विक शेअर’नं फाइल पाठवता येते. त्यासाठी विंडोजवर त्याचं छोटं अ‍ॅप घ्यावं लागतं. ब्लूटूथही चालतं, पण ते एखाद्या पीडीएफपुरतंच. एक जीबीचा व्हिडिओ ब्लूटूथनं पाठवायला घेतला तर तासाहून जास्त वेळ लागू शकतो आणि मध्ये वीज गेली तर सगळं पहिल्यापासून. ओटीजीची पिन असलेला पेनड्राइव्ह थेट टॅबला लावणं हा आणखी एक मार्ग. पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर मावत नाही, मग पेनड्राइव्हवर कितीही जागा रिकामी असो. एक्सफॅट पद्धतीत ही अडचण नाही.

मार्ग कुठलाही घ्या, एक शिस्त पाळा. ‘कट’ करून नेऊ नका, ‘कॉपी’ करा. संगणकावर आलेल्या फाइलींची संख्या आणि आकार टॅबशी ताडून पाहा. दोन-चार फाइली उघडून शेवटपर्यंत पुढे सरकवून बघा. मगच टॅबमधल्या पुसा. ‘कट’ करताना मध्येच केबल निघाली तर फाइल अर्धवट अवस्थेत अडकून गमावण्याची भीती असते.

फाइल आली, आवाज नाही

आता दुसरी वाट. संगणकातला आवाज हा मुळात आकड्यांची रांग असतो. सीडीच्या दर्जाच्या नोंदीत एका सेकंदाचे ४४,१०० आकडे असतात. प्लेअर फाइल उलगडून हे आकडे काढतो, विंडोज ते निवडलेल्या उपकरणाकडे पाठवतं, ड्रायव्हर ते ध्वनीच्या चिपला समजावतो, चिप आकड्यांची विद्युतलहर करते आणि स्पीकरचा पडदा ती लहर हवेत हलवतो. फाइल, प्लेअर, विंडोज, ड्रायव्हर, चिप, स्पीकर : आवाज यातल्या कुठल्याही ठिकाणी थांबू शकतो.

सुरुवात फाइलपासून करा. संगणकावरची दुसरी एखादी फाइल लावा. ती वाजली तर संगणक ठणठणीत आहे आणि अडचण टॅबवरून आलेल्या फाइलीची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप ‘ओपस’ प्रकारात असतात, जुने रेकॉर्डर ‘एएमआर’ प्रकारात नोंद करतात. संगणकासोबत आलेल्या प्लेअरला हे प्रकार उलगडता येतीलच असं नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर यातले बहुतेक सगळे वाजवतो. चित्र दिसतं पण आवाज नाही, किंवा आवाज आहे पण चित्र काळं, अशी फाइलही त्यात लावून पाहावी.

कुठलीच फाइल वाजत नसेल तर पुढे सरका. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर उजवी टिचकी मारून ‘साउंड सेटिंग्ज’ उघडा आणि आवाज कुठल्या उपकरणाकडे चाललाय ते पाहा. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. एचडीएमआय केबलनं मॉनिटर जोडला की पुष्कळदा विंडोज आवाज त्या मॉनिटरकडे वळवतं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. कधी शेजारच्या खोलीतला ब्लूटूथ स्पीकर जोडलेला राहतो आणि आवाज तिकडे जातो. योग्य उपकरण निवडलं की काम झालं. तिथल्याच ‘व्हॉल्यूम मिक्सर’मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा दिसतो. एखादाच प्रोग्रॅम मुका असेल तर त्याची पट्टी शून्यावर असण्याचा संभव आहे.

नंतर पिना. डेस्कटॉपच्या मागे हिरवी खाच स्पीकरची, गुलाबी माइकची आणि निळी बाहेरून आवाज आत घेण्याची. हेडफोन लावल्यावर आवाज येतो पण लॅपटॉपच्या स्पीकरमधून येत नाही, तर बहुधा खाचेत धूळ किंवा कचरा अडकलेला असतो आणि हेडफोन अजून जोडलेला आहे असं संगणक समजतो. हेडफोनची पिन काही वेळा आतबाहेर केल्यानं हे सुटतं. मोबाइलच्या हेडफोनच्या पिनेवर तीन पट्ट्या असतात, कारण तिच्यात माइकचीही वाट असते. ती जुन्या डेस्कटॉपच्या हिरव्या खाचेत लावली तर ऐकू येतं, पण आपलं बोलणं पलीकडे पोचत नाही. त्यासाठी एका पिनेच्या दोन करणारा स्प्लिटर मिळतो.

इथवर सगळं ठीक असेल तर ड्रायव्हरकडे या. संगणक एकदा ‘रीस्टार्ट’ करा. तेवढ्यानं भागलं नाही तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ध्वनीच्या उपकरणावर खाली वळलेला बाण असेल तर ते बंद केलेलं आहे, उजव्या टिचकीनं चालू करा. पिवळी खूण असेल तर ड्रायव्हर बिघडला आहे. तो ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक पुन्हा चालू केला की विंडोज बहुधा तो आपणहून बसवतं. नवा ड्रायव्हर हवाच असेल तर संगणकाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलचा क्रमांक पाहूनच घ्यावा. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर मोफत दुरुस्त करतो’ अशा जाहिरातींमधून उतरवलेल्या प्रोग्रॅमपासून लांब राहावं. त्यातले कित्येक नवे घोटाळे घेऊन येतात.

दोष ड्रायव्हरचा की चिपचा याचा बहुतेक वेळा निकाल लावणारी एक चाचणी आहे. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवता येते. तिच्यात आवाज आला तर चिप आणि स्पीकर शाबूत आहेत आणि दुरुस्ती विंडोजमध्ये करायची आहे. तिथेही शांतता असेल तर संगणक दुकानात न्यायला हरकत नाही. अशा वेळी कोणती तपासणी झाली हे दुकानदाराला सांगता येतं आणि नको त्या भागावर खर्च होत नाही.

घूं असा आवाज आणि अर्थिंग

स्पीकरमधून सतत ‘घूं’ असा आवाज येत असेल तर त्याचा संबंध विजेशी असू शकतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून पुन्हा मूळ दिशेला येते. अर्थिंग नीट नसलं की ही ५० हर्ट्झची घरघर ध्वनीच्या तारांमध्ये शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर तीच फाइल लावा. घरघर थांबली तर दोष बहुधा संगणकात नाही, चार्जरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. त्यावर उपाय म्हणून थ्री-पिनची जाड पिन काढून टाकण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती जिवावर बेतू शकते, कारण बिघाडाच्या वेळी वीज जमिनीत उतरवण्याची वाट तीच आहे. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं.

आवाज टिकवायचा असेल तर

या सगळ्या खटाटोपाचं मोल एका मोठ्या कामावरून कळतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून जास्त आहे. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकानं नव्वदच्या दशकात त्यातल्या काही गाणाऱ्यांचे आवाज नोंदवले. कागदावर आलेल्या ओव्यांच्या मानानं आवाज टिकलेल्या ओव्या थोड्याच. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘परी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून हा संग्रह प्रसिद्ध होऊ लागला. त्यातल्या अनेक बायका आज नाहीत. त्यांचा आवाज ऐकू येतो, कारण तो वेळेवर नोंदवला गेला, एका साधनावरून दुसऱ्यावर नेला गेला आणि जपला गेला.

उंद्रीसारख्या गावात तेव्हा जे काम करायला यंत्र घेऊन माणूस यावा लागला असता, ते आज घरातल्या टॅबवर होतं. जातं थांबलं तरी ओव्या ज्यांना येतात अशा म्हाताऱ्या बाया आहेत, वऱ्हाडी बोलीतल्या म्हणी आणि गोष्टी सांगणारी माणसं आहेत. त्यांची नोंद करताना रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ‘एएमआर’ ऐवजी ‘एम४ए’ किंवा ‘वेव्ह’ निवडा. एएमआरच्या साध्या प्रकारात सेकंदाला आठच हजार आकडे नोंदले जातात. त्यामुळे चार हजार हर्ट्झच्या वरचा ध्वनी त्यात येतच नाही, आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरं ओळखू येण्यासाठी लागणारा बराच भाग नेमका त्याच्या वर असतो. असा गेलेला भाग नंतर कुठलाही संगणक परत आणू शकत नाही. सीडीच्या दर्जाची वेव्ह नोंद मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. अर्ध्या तासाच्या ओव्यांना ३०० एमबी जागा सहज काढता येते.

नोंद झाली त्याच दिवशी ती संगणकावर घ्या. फाइलीच्या नावात गाणारीचं नाव, गाव आणि तारीख घाला, नाहीतर दहा वर्षांनी तो आवाज कोणाचा हे घरातल्यांनाही सांगता येणार नाही. एक प्रत संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि जमल्यास तिसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. वर्षातून एकदा तरी त्या फाइली लावून ऐका, कारण पेनड्राइव्ह खराब झाल्याचं तो उघडल्याशिवाय कळत नाही. केबल, परवानगी, फोल्डर, प्लेअर, ड्रायव्हर या पायऱ्या घरातल्या एकाला जरी पाठ झाल्या, तरी गावातला आवाज गावातच सांभाळता येईल. हे शिकायला संगणकाची पदवी लागत नाही. दहावीतली मुलगी एका दुपारी शिकेल आणि आपल्या आजीला शिकवेल.